ससा ठेवणे

नवे संचालक स्वतःची खुर्ची स्वतः उचलून वर्गात आले आणि मागच्या भिंतीला लावून बसले, तेव्हा मादाम फळा पुसत होत्या. पाठमोऱ्या असूनही त्यांना ते कळलं, कारण एरवी मासळीबाजार असलेला वर्ग एकाएकी शहाण्यासारखा गप्प झाला.

मादाम हे काही त्यांचं नाव नव्हे. पण वर्षानुवर्षं फ्रेंच शिकवून ते असं अंगाला चिकटलं होतं की गल्लीतला शिंपी, पोस्टमन, वरच्या मजल्यावरची पोरं, सगळे त्यांना मादामच म्हणत. फक्त थोरली बहीण "बये" म्हणायची. तिचं म्हणणं, बाहेर कितीही मोठी झालीस तरी घरात तू धाकटीच. थोरलीचे यजमान गेल्यापासून दोघी एकत्र राहत होत्या. मादामचं लग्न झालेलं नव्हतं, आणि त्याचं कारण पुढे येईलच.

शिकवणीची जागा म्हणजे एका छापखान्याच्या डोक्यावरच्या दोन खोल्या. खाली यंत्र सुरू झालं की वर फळ्याची चौकट थरथरायची आणि मादाम आपोआप आवाज चढवायच्या. या दोन खोल्यांत दोन शिक्षिका होत्या, एक मादाम आणि एक नवी, तरुण, पडद्यावर चित्रं दाखवून शिकवणारी. सकाळचा वर्ग यापुढे दोघींपैकी एकीलाच मिळणार होता. तरुण बाईंचा वर्ग संचालकांनी आदल्या आठवड्यात बघून झाला होता. आज मादामची पाळी.

त्यांनी मुद्दाम वाक्प्रचारांचा धडा निवडला होता. तो त्यांचा हातखंडा. आणि तसा धडा रंगायचा तो लिफ्टवाल्या काकांमुळे. काका म्हणजे निवृत्त लिफ्ट-मेकॅनिक, सगळी हयात इमारतींच्या पोटात ग्रीस लावण्यात गेलेली. मुलगी परदेशी, तिचा नवरा तिथलाच, त्याला फ्रेंचखेरीज काही येईना आणि यांना फ्रेंच सोडून सगळं. गेल्या खेपेला सासरे-जावई महिनाभर समोरासमोर बसून नुसते हसत राहिले, म्हणून काका परत आल्यावर थेट या जिन्याने वर चढले होते. खिडकीजवळचं पहिलं बाक त्यांचं. त्यांचे प्रश्न असे वेडेवाकडे असायचे की सगळा वर्ग जागा व्हायचा. कालच संध्याकाळी त्यांनी फोन केला होता.

"मादाम, उद्या तुम्ही काही काळजी करू नका. मी असे प्रश्न विचारतो की तुमच्या त्या साहेबांना वही खाली ठेवावी लागेल."

आणि आज खिडकीजवळचं बाक रिकामं होतं.

मादामनी जमेल तितका वेळ काढला. खडू शोधला, हजेरी सावकाश घेतली, खिडकी उघडून पुन्हा लावली. मागून संचालकांनी हलकेच घसा साफ केला. मग मात्र त्यांनी फळ्यावर एक ससा काढला. चित्र काही धड जमलं नाही, कान तेवढे सशाचे.

"पोझे अं लापॅं," त्या म्हणाल्या. "शब्दशः अर्थ, ससा ठेवणे. इल मा पोझे अं लापॅं. त्याने मला ससा ठेवला. म्हणजे काय झालं असेल?"

"भेट दिली?" बेकरीवाला म्हणाला. हा रात्रपाळी करून तसाच वर्गात यायचा. कोपरापर्यंत पीठ, डोळ्यांत झोप, आणि मनात एकच ध्यास, की तिकडच्या एखाद्या भट्टीवर पाव शिकायचा.

"चक्क उलट. भेटायचं ठरवलं आणि आलाच नाही. तुम्ही आपले ठरल्या जागी उभे, घड्याळ बघताय, येणाऱ्या-जाणाऱ्यांची तोंडं बघताय, आणि ज्याने यायला हवं त्याचा पत्ता नाही."

"म्हणजे टांग दिली," दुसऱ्या बाकावरची नर्स म्हणाली. ही मुलगी परदेशी इस्पितळात जायची तयारी करत होती. हुशार, पण वर्गात आवाज इतका लहान की मादामना कानामागे हात धरावा लागायचा.

"बरोब्बर. टांग दिली. आता हातावर तुरी दिल्या असं म्हटलं तर चालेल का?"

"नाही," कोणीतरी म्हणालं. "तुरी देणारा आधी हातात असतो, मग निसटतो."

"आणि वाटाण्याच्या अक्षता?"

"त्यात निदान नाही तरी म्हणतात. इथे तेवढंही नाही."

वर्ग चांगला चालला होता. मादामना हायसं वाटायला लागलं होतं. तेवढ्यात बेकरीवाल्याने खिडकीकडे मान वळवली आणि म्हणाला, "मादाम, मग आज काकांनी आपल्या सगळ्यांना ससा ठेवला."

सगळे हसले. मागे संचालकही हसले असावेत. मादाम हसल्या, पण आतून चडफडल्या. ऐन मोक्याच्या दिवशी. काल एवढी फुशारकी मारली आणि आज दांडी. म्हातारे झाले तरी पुरुषांची जात ती, असंही त्यांच्या मनात येऊन गेलं.

"मी एक विचारू?" संचालक बसल्या जागेवरून म्हणाले. माणूस नीटनेटका, बोलणं मोजकं. "न येणं आणि ससा ठेवणं, यात फरक काय? न येणाऱ्या प्रत्येकाला हे लावायचं का?"

प्रश्न चांगला होता. मादामनी खडू खाली ठेवला. याचं उत्तर त्या कित्येक वर्षं देत आल्या होत्या, पाठच होतं.

"नाही. येता येत असून आला नाही तर ससा. कंटाळा केला, विसरला, भ्याला, तरी ससाच. पण ज्याला यायचं होतं आणि येता आलं नाही, त्याने ससा ठेवला असं कुणी म्हणत नाही. त्याच्यावर तो आळ होतो. म्हणून हा शब्द वापरण्याआधी माणूस कोण आहे ते..."

वाक्य तिथेच राहिलं.

काका कंटाळा करणारे नव्हते. विसरणारे तर मुळीच नव्हते, पावसापाण्यात, तापात, एकदा तर दाढ काढलेल्या दिवशी गालाला रुमाल बांधून ते आले होते. आणि येणार नसले तर फोन करायचे, तोही फ्रेंचमधून, दहा चुका करत. आज फोन नव्हता. मादामनी पर्समधून आपला फोन काढला आणि भर वर्गात लावला. रिंग वाजत राहिली. पुन्हा लावला. पुन्हा तेच.

वर्ग त्यांच्याकडे बघत होता. संचालकही बघत होते.

आता खरं म्हणजे जायला हवं होतं. पण मादामचे पाय हलेनात, आणि त्याचं कारण फार जुनं होतं.

तरुणपणी त्या एका मालवाहू कंपनीत फ्रेंच पत्रांची भाषांतरं करायच्या. तिथल्याच हिशेब खात्यातल्या एकाशी त्यांचं जमलं, आणि दोघांनी नोंदणी कचेरीत लग्न करायचं ठरवलं. ठरल्या दिवशी साक्षीदार म्हणून थोरलीला घेऊन त्या सकाळपासून कचेरीच्या बाकावर बसल्या. तो आला नाही. दुपार झाली तशी त्यांची खात्री पटली की त्याला अपघात झाला. तो मोटारसायकल जोरात चालवायचा. लग्नाच्या साडीतच त्या एकामागून एक इस्पितळं पालथी घालत फिरल्या. निळा शर्ट, डाव्या भुवईवर व्रण, असं प्रत्येक खिडकीवर सांगत. एका ठिकाणी तर शवागाराच्या माणसालाही विचारलं. शेवटी त्याच्या घरी गेल्या, आईला बातमी कशी सांगायची याची जुळवाजुळव करत. दार त्यानेच उघडलं. तोंडात घास होता. घास गिळून तो म्हणाला, "अगं, मी तुला सांगणारच होतो."

त्या दिवसापासून मादाम कुणाला शोधायला गेल्या नाहीत. जो आला नाही, तो आला नाही. गाडी चुकवलेल्या पाहुण्यांना नाही, उशीर करणाऱ्या मैत्रिणींना नाही. आपण जीव टांगणीला लावून धावावं आणि समोरच्याने घास चावत दार उघडावं, हे पुन्हा नको होतं.

"मादाम?" नर्स म्हणाली.

"काकांचं घर मागच्याच रस्त्याला आहे ना?" मादामनी विचारलं.

"हो. बेकरीसमोर. मी बघून येऊ?"

"मीच जाते."

संचालक उभे राहिले. त्यांचा आवाज चढला नाही. "मादाम, अजून अर्धा वर्ग व्हायचाय. कुणाला तरी पाठवा हवं तर. तुम्ही सोडून गेलात तर मला तसंच लिहावं लागेल. माझ्या हातात दुसरं काही नाही."

"लिहा," मादाम म्हणाल्या. आपल्या तोंडून हे इतकं सहज कसं गेलं, याचं त्यांना जिना उतरतानाही नवल वाटत होतं. नर्स आणि बेकरीवाला त्यांच्या मागोमाग निघाले होते.

काका तिसऱ्या मजल्यावर राहायचे. लिफ्टची वाट न बघता तिघं चढली. मादामना धाप लागली. दार बंद होतं. घंटा वाजवली, हाक मारली, पुन्हा घंटा वाजवली. कुणी हललं नाही. मग शेजारचं दार उघडलं आणि हातात झारा घेतलेली एक बाई बाहेर आली.

"कोण पाहिजे? ते नाहीत. मुलीकडे गेले."

"मुलीकडे? कधी?"

"काल. मोठी बॅग घेऊन उतरताना मी स्वतः बघितलं ना. जाणार जाणार असं कधीचं म्हणत होतेच."

बेकरीवाल्याने कपाळाला हात लावला. "घ्या. म्हणजे खरंच ससा."

मादामच्या कानाच्या पाळ्या तापल्या. ती ऊब त्यांच्या ओळखीची होती. तीच साडी, तोच उंबरा, तोच घास. तिकडे वर्गात संचालक वही उघडून बसले असतील, आणि आपण इथे एका धडधाकट माणसाच्या बंद दारासमोर धापा टाकतोय. त्या वळल्या आणि दोन पायऱ्या उतरल्यासुद्धा.

मग थांबल्या. परत फोन काढून त्यांनी काकांचा नंबर लावला.

दाराच्या आत, कुठेतरी खोलवर, फोन वाजायला लागला.

"फोन घरातच आहे," नर्स म्हणाली.

"विसरले असतील," शेजारीण म्हणाली. "या वयात माणूस डोक्यावरचा चष्मा घरभर शोधतो."

"परदेशी जाणारा माणूस फोन घरी ठेवून जाईल?" मादाम म्हणाल्या, पण त्यांचा आवाज डळमळीत होता. जाईलही. काय सांगावं. त्यांनी फोन बंद केला. जिन्यात शांतता पसरली, आणि त्या शांततेत नर्सने दाराला कान लावला.

"काहीतरी वाजतंय."

"पाईप," शेजारीण म्हणाली. "गरम पाण्याचे आहेत. आमच्याकडेही वाजतात. रात्रभर वाजत होते मेले, डोळ्याला डोळा नाही."

मादाम परत वर आल्या. त्यांनीही कान लावला. टक, टक. मग काही नाही. मग टक. पाईप असेलही. त्यांनी किल्ल्यांचा जुडगा काढला आणि दाराबाहेरच्या पाण्याच्या पाईपवर दोनदा मारला. थांबल्या. शेजारणीच्या झाऱ्यातून तेलाचा थेंब फरशीवर पडला.

आतून दोनदा वाजलं.

मादामनी तीनदा मारलं. बराच वेळ गेला. इतका की बेकरीवाला काहीतरी बोलायला तोंड उघडणार होता. आणि मग टक. टक. आणि अगदी क्षीण, टक.

"अरे देवा," शेजारीण म्हणाली आणि झारा तसाच धरून खाली बसली.

पुढचं सगळं एकदमच व्हायला लागलं. बेकरीवाल्याने दाराला खांदा दिला. रोज पिठाची पोती उचलणारा खांदा तो, पण दार हललं नाही. काकांनी कड्या स्वतः बसवलेल्या होत्या, आणि हयातभर लोकांचा जीव दोरखंडावर टांगणारा माणूस कडी हलकी थोडीच बसवणार. मादामनी अग्निशमन दलाला फोन लावला. पलीकडचा माणूस सौजन्याने बोलला, गाडी निघते म्हणाला, पण पुलावर रस्ता बंद आहे, वळसा घालून यावं लागेल. नर्स तेवढ्यात शेजारणीच्या घरात शिरून परत आली होती.

"यांची गॅलरी आणि काकांची गॅलरी लागून आहेत. मध्ये नुसती भिंत आहे. कठड्यावरून वळसा घेता येईल."

"अजिबात नाही," मादाम म्हणाल्या.

"मादाम, ते रात्रीपासून पडलेत. पाणी नाही पोटात. ठोके कमी होत चाललेत, ऐकलंत ना तुम्ही?"

"खाली बघितलंस का तू? फरशी आहे खाली. तुझ्या आईला मी काय सांगू?"

"आईला काही सांगायची वेळ नाही येणार. तुम्ही फक्त माझं मनगट धरा."

वर्गात जिचा आवाज ऐकायला कानामागे हात न्यावा लागायचा, तीच मुलगी हे बोलत होती. तिने चपला काढल्या, ओढणी कमरेला घट्ट बांधली आणि गॅलरीच्या कठड्यावर गुडघा टेकला. बेकरीवाल्याने मागून कंबर धरली. मादामनी मनगट. त्यांना तिची नाडी बोटांखाली लागत होती, किंवा ती त्यांची स्वतःची असेल. नर्सने एक पाय भिंतीपलीकडे टाकला, चाचपडला. पलीकडच्या कठड्याची सळई हलली. नर्स थबकली. खाली रस्त्यावरून कुणीतरी ओरडलं, "अहो, काय करताय?" मादामनी डोळे मिटले नाहीत. मिटले तर हात सुटेल अशी त्यांना भीती वाटली.

"आता सोडा," नर्स म्हणाली.

"सोडू?"

"सोडा म्हणजे मला पलीकडे धरता येईल."

मादामनी बोटं एकेक करून उघडली. ओढणीचं टोक भिंतीमागे गेलं, आणि धप्प असा आवाज आला. मग पलीकडून, जरा दम खात, "मी ठीक आहे. दार उघडंच आहे गॅलरीचं."

ते सगळे धावत पुन्हा काकांच्या दाराशी आले. आत कड्या काढल्याचा आवाज. एक, मग दुसरी, मग साखळी अडकली, मग सुटली.

काका न्हाणीघरात पडले होते. पाय घसरून कुशीवर आदळले होते, उजवं पाऊल बघवणार नाही असं बाहेर वळलं होतं. नळाच्या खालच्या पाईपशी त्यांचा हात होता आणि हातात पितळी पाना. तो कुठून मिळाला असं नंतर कुणी विचारलं तर म्हणायचे, मेकॅनिकच्या न्हाणीत साबण नसेल पण पाना असतोच. ओठ पांढरे पडले होते. डोळे मात्र उघडे.

बेकरीवाला त्यांना उचलायला वाकला, तसा नर्सने त्याचा हात झटकला. "हात लावू नका. कुणीच. ब्लँकेट आणा आणि रुग्णवाहिका बोलवा, सांगा की खुबा मोडलाय. मादाम, तुम्ही यांच्याशी बोलत राहा, झोपू देऊ नका."

मादाम ओल्या फरशीवर बसल्या. साडी भिजली. काकांचा हात हातात घेतला, तो थंडगार होता.

"वर्ग सुटला?" काकांनी विचारलं. आवाज घशातच अडकत होता.

"नाही सुटला. सोडून आलोय."

"आणि साहेब?"

"बसलेत."

काकांनी डोळे मिटले, मादामनी हात हलवला तसे उघडले. "काल तुमच्याशी बोललो, आणि तसाच इथे आलो. हातपाय धुवायला. मग... रात्री एवढं नाही वाटलं. सकाळी वाटलं. वर्गाची वेळ झाली तेव्हा. म्हटलं, आता सगळे म्हणत असतील, म्हाताऱ्याने ऐन वेळी टांग दिली."

मादामना खोटं बोलता आलं असतं. "म्हणालो," त्या म्हणाल्या. "मीही मनात म्हणाले."

"मग आलात कशा?"

"तहान लागलीय का?" त्यांनी विचारलं, आणि नर्सने ओला कापूस त्यांच्या हाती दिला.

शेजारणीने पाहिलेली बॅग दुपारी सापडली. काकांनी तिच्यातून जुने पडदे धोब्याकडे नेऊन टाकले होते, आणि परत येताना ती अर्थातच कुणी पाहिली नव्हती. इस्पितळातल्या डॉक्टरांनी सांगितलं की मूत्रपिंडं कुरकुरायला लागली होती, संध्याकाळपर्यंत तसेच राहिले असते तर सांगणं कठीण होतं.

मादाम घरी पोचल्या तेव्हा थोरली खिडकीत बसून भाजी निवडत होती. भिजून अंगावरच वाळलेली साडी, कोपरावर ओरखडा, विस्कटलेले केस बघून तिने ताट बाजूला ठेवलं.

"काय गं बये, वर्गात कुस्ती ठेवली होती का?"

मादामनी सगळं सांगितलं. सांगून होईपर्यंत थोरलीने कोपरावरच्या ओरखड्याला हळद लावली.

"तू परत फिरली होतीस म्हणालीस," शेवटी ती म्हणाली. "पायऱ्यांवरून."

"हो ताई. शेजारीण बोलली आणि मला एकदम तो दिवस आठवला."

"तो दिवस मलाही आठवतो. तुझ्यामागून मीच तर धावत होते त्या इस्पितळांत." थोरलीने ताट पुन्हा पुढे ओढलं. "तू तेव्हा धावलीस ते काही चुकलं नव्हतं. माणूस फालतू निघाला, त्याला तू काय करणार. एवढं साधं मला तुला आधी सांगायला हवं होतं. पण तू त्याचं नाव काढू द्यायची नाहीस."

दोघी मिळून भाजी निवडायला लागल्या.

संचालकांनी लिहायचं ते लिहिलं. वर्ग अर्धवट सोडला, असंच. सकाळचा वर्ग तरुण बाईंकडे गेला आणि मादामकडे संध्याकाळचा तेवढा राहिला. जिन्यात गाठ पडली तेव्हा ते थांबले आणि काकांची विचारपूस करून म्हणाले, "खरं सांगू? मी तुमच्या जागी असतो तर वर्ग संपवून गेलो असतो. हे मला त्या दिवसापासून फारसं बरं वाटत नाहीये." पण निर्णय त्यांनी बदलला नाही, आणि मादामनीही तशी अपेक्षा केली नाही. राग आला होता, तो बरेच दिवस राहिला. नर्स परीक्षेत उत्तीर्ण होऊन गेली. बेकरीवाला अजून वर्गात येतो आणि अजून झोपतो. संध्याकाळच्या वर्गात कुणी न सांगता गैरहजर राहिलं की मादाम फोन करतात. लोकांना ते फारसं आवडत नाही. एकाने तर सरळ सांगितलं, "मादाम, मी सिनेमाला आलोय, आणि तुमच्यामुळे मागचे ओरडतायत."

काकांच्या खुब्यात लोखंड बसलं. मुलगी आणि जावई येऊन त्यांना आपल्याकडे घेऊन गेले. निघताना काकांनी मादामचा निरोप घेतला तो फ्रेंचमधून, दोन चुका करून. सकाळच्या वर्गाबद्दल त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. त्यांनी फक्त नजर चुकवली, आणि मादामनी विषय काढला नाही.

मग एका सुट्टीच्या दुपारी परदेशातून फोन आला. फोनवर अनोळखी पुरुषाचा आवाज, फ्रेंच, अतिशय अदबीचा. काकांचा जावई होता. एक शंका विचारायची होती, बायको घरात नाही म्हणून मादामना त्रास देतोय, म्हणाला. सासऱ्यांची चाकाची खुर्ची कुरकुरत होती. ती त्याने त्यांना न विचारता उघडली, तेल घातलं, पुन्हा जोडली, आणि एक स्क्रू उरला. तेव्हा सासरे एक मराठी शब्द म्हणाले. त्याने तो लिहून घेतला होता. अडखळत त्याने वाचला.

"दी-ड-श-हा-णा."

मादामनी तोंडावर हात धरला.

"मी दोन्ही तुकडे शोधले," जावई म्हणाला. "एक म्हणजे एक आणि अर्धा. दुसरा म्हणजे सुज्ञ. म्हणजे इतरांहून अर्ध्याने जास्त सुज्ञ. बरोबर आहे ना? मी त्यांचे आभार मानले, तर ते आणखी चिडले."

मागून काकांचा आवाज येत होता, खणखणीत, की कुणाशी बोलतोस, आधी तो स्क्रू कुठला ते सांग.

"हे बघा," मादाम फ्रेंचमध्ये म्हणाल्या, आणि खुर्ची ओढून बसल्या, कारण हे उभ्याउभ्या सांगून होण्यासारखं नव्हतं. "एक शहाणा असतो, तो चांगला. दोन शहाणे भेटले तरी हरकत नाही. गडबड होते ती त्या अर्ध्याची."